उंच झालेली जीप

स्कूटीच्या दुरुस्तीसाठी थांबलेली संस्कृती गॅरेजच्या बाकावर बसली होती. समोर मिस्त्री एका जीपला नवे शॉकअप बसवून ती उंच करत होता. जीपचे मालक राजेसाब आणि त्यांची बायको सुगराबी तिच्या शेजारीच बसले होते.

“एवढी उंच कशाला वो?” सुगराबीनं नवऱ्याला विचारलं.

“हिमालयात रस्त्याला दगडं लई. खाली घासाय नको.”

“हिमालयात कशाला?”

“बर्फ बघाय. ट्रक घेऊन गेलतो तवा एकट्यानंच बघितला. तू पायजे हुतीस, असं सारखं वाटलं.”

“पडताना आवाज येतो का?”

“न्हाय. पिंजलेल्या कापसावानी गप पडतो.”

सुगराबीनं जीपच्या दाराची उंची नजरेनं मापली.

“माझं गुडघं असलं. मी चढायची कशी?”

“मी हाय की उचलाय.”

“तुमचं कंबरडं कुटं धड हाय?” आणि मान वळवून तिनं हाक मारली, “मिस्त्री, दाराखाली पायरी बी बसवा.”