हेडमास्तरचा पाहुणचार

चूक आमच्या बाबांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्हाला सोपं जाईल. पत्ता त्यांनीच दिला ना? — वाटलंच. ‘मुलगा सोमवारी घरीच असतो, जा, नर देईल, त्यात काय’ — असंच म्हणाले असतील. मी कॉलेज सोडलं तेवढं वगळून बाकी सगळ्याला त्यांचं ‘त्यात काय’ असतं. बसा, ताई. खोकं तिथे नको, ऊन येतं — इकडे, खुर्चीखाली सरकवा. बुटांचं खोकं ना? भोकं पाडलीत, बरं केलंत. पण झाकण उघडू नका. आत्ता नको. त्याला दिसेल.

तो काय, जाळीच्या पिंजऱ्यात, वरच्या फांदीवर. नाही, ते पान — त्याच्या डावीकडे बघा. हेडमास्तर. आमच्या शाळेत होते तसेच — हळू चालायचे, एक डोळा फळ्याकडे, एक शेवटच्या बाकाकडे, दोन्ही एकाच वेळी. हसा, सगळेच हसतात. मावशी म्हणाली होती, सरडा पाळणाऱ्याला मुलगी कोण देणार — आणि घरात पहिलं स्थळ आलं ते सरड्यालाच. साहेबांकडून. बाबांचे साहेब, म्हणजे तुमचेही असतील. त्यांनी लेकीसाठी मादी आणली, मग लेकीला पिल्लं हवी झाली, आणि बाबा घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि मागे न वळताच म्हणाले, ‘आठवडाभरासाठी द्यायचाय, मी शब्द दिलाय.’ सरडा माझा, शब्द यांचा!

तसं द्यायला हरकत नसते, ताई. पण त्याची एक रीत असते. मादी आधी दुरून दाखवायची, हातभर लांबून. ती फिकी राहिली, शांत चालत राहिली तर ठीक, मग थोडा वेळ एकत्र सोडायचं, आणि त्याच दिवशी वेगळं करायचं — जन्मभर एकटं राहणारं जनावर आहे हे, त्याला संसार नको असतो. आणि ती काळी पडली, अंगावर पिवळे ठिपके उठले, तोंड वासून डुलायला लागली — तर संपलं. घरी जायचं. आधीच पोटात अंडी असतील, नाहीतर नर नकोच असेल, आपण कारण विचारायचं नाही. सरड्याला बोलता येत नाही, पण नाही म्हणता येतं. आमच्या घरात उलटं आहे.

हे सगळं मी साहेबांच्या घरी सांगितलं होतं. पाण्याचंही. वाटीतलं पाणी त्याला कळत नाही, पानांवर फवारा मारावा लागतो, तो थेंब चाटतो — बाटलीसुद्धा दिली होती बरोबर. त्यांनी काय केलं? वाटी ठेवली. नक्षीची. पाहुणा ना! काचेची पेटी, प्लॅस्टिकच्या फांद्या, वर एसी, आणि दोघांना त्यात कोंडून आठवडाभर झाकण बंद. तिसऱ्या दिवशी फोटो आला बाबांच्या फोनवर, खाली बाईसाहेबांनी लिहिलेलं — ‘जावईबापू खुलले!’ आणि बाबांनी तो अख्ख्या ऑफिसला दाखवला, तुम्हालाही दाखवला असेल — दाखवला ना? तुम्हीही म्हणाला असाल, वा, काय रंग! रंग होतेच तसे. निळे पट्टे, गळा पिवळाधमक फुगलेला, तीन वर्षांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. खुलले म्हणे! अहो, तो चवताळला होता. पळायला जागा नाही म्हणून जेवढा मोठा दिसता येईल तेवढा दिसत होता. आणि मागच्या कोपऱ्यात ती, कोळशासारखी काळी.

म्हटलं, बाबा, फोन करा, आत्ता घेऊन येतो. तर म्हणे, ‘साहेबांना असं कसं सांगायचं? रविवारी आणायचं ठरलंय. आणि शुक्रवार होऊ दे आधी.’

शुक्रवार म्हणजे — ते काही नाही. माझं एक काम होतं त्यांच्याकडे. नोकरीचं. साहेब शुक्रवारी माझं बघणार होते. पण तो मुद्दा नाही, मुद्दा हा की घरातल्या मोठ्या माणसाने एक फोन केला असता तर — काय? मी का नाही गेलो? सायकलवर वीस मिनिटांचं अंतर आहे, बरोबर. गेलो असतो तर दार त्यांनी उघडलंच असतं. पण शुक्रवार होता ना, ताई. बाबा म्हणाले होऊ दे. मी होऊ दिला.

आणि सांगितलं म्हणालो ना मघाशी — म्हणजे, सांगितलं पाण्याचं. मादीचं सांगणार होतो. त्यांच्या हॉलमध्ये उभा होतो, हेडमास्तर माझ्या हातावर, हिरवागार, आणि पेटीत ती — बघितल्याबरोबर काळी पडली. ठिपके, डुलणं, तोंड वासलेलं, सगळं पुस्तकात असतं तसं. बाईसाहेब म्हणाल्या, ‘बघा, नटली!’ साहेब हसले म्हणून बाबा हसले, सोफ्याच्या टोकावर पाव बूड टेकून. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘आमच्या मुलाला यातलं सगळं कळतं हं, साहेब. तो म्हणेल तसं करू.’

दोन वर्षांत पहिल्यांदा. कॉलेज सोडल्यापासून हा माणूस मला पाहुण्यांसमोर ‘घरीच असतो’ एवढंच म्हणत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबसुद्धा. आणि मी म्हणालो — ‘चालेल.’

हो. मीच.

पण आणलं कोणी मला तिथे? बाबांनीच ना? — जाऊ दे. शुक्रवारी साहेबांनी विचारलं, वजनं उचलायची सवय आहे का, मी म्हणालो आहे. नोकरी मिळाली. गोडाऊनमध्ये खोकी लावतो, सोमवारी सुट्टी. साहेब राउंडला आले की मी उठून उभा राहतो, आणि ते हसून विचारतात, ‘काय, जावईबापू कसे आहेत?’ मी म्हणतो, मजेत.

रविवारी आणला तेव्हा उजवा डोळा मिटलेला होता. तिने फाडला होता, कधी ते त्यांनाही माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी आणला असता तर बघितलं असतं. तीन दिवस आधी म्हणजे गुरुवार, ताई. आता यांना शिकार करायला दोन डोळे लागतात, त्याशिवाय अंतर कळत नाही. किडा इथे, जीभ तिथे. बोटभर चुकायची. पहिला महिनाभर तो मारत राहिला, चुकत राहिला, मग एके दिवशी मारायचीच बंद केली. तेव्हापासून मी भरवतो. म्हणजे एका हाताने मान धरायची, अंगठ्याने जबडा उघडायचा आणि किडा आत कोंबायचा. त्याशिवाय जगणार नाही. बाबा सकाळी ऑफिसला जायच्या आधी पानांवर पाणी मारतात, मी सांगितलेलं नाही. मी जागा असतो, झोपल्याचं सोंग घेतो. आणि त्याच माणसाने तुम्हाला पत्ता दिला! तुम्ही विचारलंत, आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

अहो, सांभाळा — झाकण सरकलं. असू दे आता. बघू. फिकी आहे. पोपटी, शांत. तिची काही हरकत नाही, ताई, तुमची मादी चांगली आहे.

पण नाही. नाही देणार. बाबांना मी सांगेन. घेऊन जा तिला, दुसरा नर बघा, आणि आधी लांबून दाखवा. थांबा, मी दार उघडतो.

दिसलं? पडला काळा. तिला बघून नाही — मी खुर्चीवरून उठलो म्हणून. तीन वर्षं तो माझ्या हातावर एकदाही काळा पडला नव्हता. आता रोज पडतो.