नायिका खोकली की मी बागेत

...आणि वर डॉक्टर मलाच दम देतात हो! ‘आजोबा, ऑपरेशन छान झालंय. आता पंधरा दिवस आजींनी वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. जबाबदारी तुमची!’ माझी? तुम्हाला सांगतो, आमच्या चंद्रावतीचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला, उरला हा एकच, आणि बाई रडण्यात पटाईत! मी रडवतो असं नाही हो, कादंबऱ्या रडवतात. लग्नात पेटीतून तीन घेऊन आली, तिन्हींत बाई शेवटी मरते, आणि ही दर दोन-चार वर्षांनी पुन्हा वाचून पदराने डोळे चोळ चोळ चोळते. त्या दिवशी चूल गार, मला नुसती पेज!

घरी आलो, काळा चष्मा लावून ओट्यावर बसली नि म्हणाली, ‘अवो, डॉक्टरान माका अडवल्यान, तुमका नाय. काढा पुस्तक.’

मी! चौथी शिकलेला, जन्म होडीवर गेला, बोलतो कमी आणि वाचतो त्याहून सावकाश. पण नाही म्हटलं असतं तर तिथेच रडली असती, मग?

त्या तिन्हींतली ही कादंबरी मी तरुणपणी वाचली होती, धावत धावत, नायिकेचं लग्न होतं की नाही एवढंच बघत. आता उघडतो तर काय, गोष्टीची पानं बोटांनी काळी, कोपरे झिजलेले... आणि मधली काही पानं कोरी करकरीत! सगळी बागेची! पन्नास वर्षांत आम्ही दोघांनी त्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं. अहो, काय बाग! पोफळीवर चढवलेली पानवेल, शेवंतीचा वाफा, आणि पाटाकडेच्या ओल्या मातीचा नुसता वास, दीड पान! मी घेत बसलो वास.

दोनशेव्या पानावर नायिका खोकली. झालं! हिचा हात पदराकडे गेला. मी पटकन पानं मागे उलटली नि वाचलं, ‘इतक्यात मोगरा फुलला.’ हात खाली! तेव्हापासून तेच, नायिका खोकली की मी बागेत!

पण बाग कितीशी पुरणार? चार दिवसांत संपली. मग मी आमच्याच परड्यातली झाडं उचलून नायिकेकडे लावली, बकुळ, सुरंगी, अनंत... आणि घाईघाईत भर दुपारी प्राजक्त फुलवला.

‘भर दुपारी?’ ही उखडली. ‘खंयचो मेलो लिवणारो तो! झाडा बघितल्यान हत काय कधी?’

लेखकाने शिव्या खाल्ल्या, मी पान उलटलं. राग चालतो हो, डॉक्टरांनी रागाला बंदी घातली नव्हती!

बाराव्या दिवशी नायिका खोकली, मी बागेत, तर ही शांतपणे विचारते, ‘अवो, ती मरतली कधी?’

‘कोण गो?’

‘कोण काय! गेल्या मंगळवारीच मराक होयी होती. माका म्हायत नाय?’ मग हळूच, ‘जावंदे. सुरंगीकडे इल्लात ना? वाचा.’

वाचलं. सुरंगीचा सगळा बहर वाचला, पण मी मधे एकदाही खोकलो नाही... मी खोकलो असतो तर जाणार कुठे?

परवा तपासणी. वाटेत धामापूरच्या भगवतीला नारळ बोललो. डॉक्टर म्हणाले, ‘उत्तम! आता सगळी मोकळीक.’ रिक्षा दारात थांबली, मी अजून सुटे पैसे शोधतोय, तर ही ओरडली, ‘अवो! माझी अबोली करपली! पंधरा दिवस पाणी कोणी घालूक नाय?’

कोण घालणार? मी दिवसभर पुस्तकातल्या बागेत! पण तुम्हाला सांगतो, दारापासून अबोली तीस पावलं आहे. तीस पावलांवरून तिला करपलेलं पान दिसलं! जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच हसलो. त्याच्याही शिव्या खाल्ल्या.

तर आता मी कळशी घेऊन विहीर ते अबोली, अबोली ते विहीर. आणि ती? नवा चष्मा लावून ओट्यावर, स्वतः वाचतेय. बागेची पानं धडाधड उलटली हो, थेट शेवट! आणि रडतेय... मनसोक्त, पदर भिजवून. मी भीत भीत विचारलं, ‘चंद्रावती, जेवणाचा काय?’

‘गप रवा! मरता हा ती!’

म्हणजे आज पेज.