राक्षसाने केलेली जाहिरात

जाहिरातीला माणूस कुठला धरावा याची अक्कल आम्हाला नव्हती, हेच खरं. मी आणि उदयने मोबाईलवरचा गेम बनवला होता, 'हळर्णचा किल्ला'. चाव्या शोधायच्या, दरवाजे उघडत जायचं. घरच्यांशिवाय कुणी खेळेना.

उदय म्हणाला, "जत्रेत दशावतार आसा, सगळा पेडणा येतला. नाटकवाले संवाद उभ्या उभ्या रचतत. थंयच आपलो गेम घुसडूया."

राक्षसाचं काम करणाऱ्या काकांना आम्ही आधीच गाठलं होतं; त्यांनी शब्द पाळला. तलवार आपटून गरजले, "प्रधानजी, आम्ही दिवसभर 'हळर्णचा किल्ला' खेळतो! प्रजेनेही मोबाईलवर खेळावा!"

आम्ही शिट्ट्या मारल्या. पण विष्णूला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो आला आणि कडाडला, "अधमा, त्या खेळापायीच तुझं राज्य बुडालं!" आणि केला की वध! आयाबायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने तर मुलाने नुकताच फोनमध्ये घेतलेला आमचा गेम तिथेच काढून टाकला.

मी तणतणत रंगपटात शिरलो. विष्णू पेटाऱ्यावर बसला होता, मुकुट बाजूला, हातात फोन. वर न बघताच म्हणाला, "भांडण मागीर कर. ह्या दुसऱ्या दरवाजाची चावी खंय आसा, ती आदी सांग."