जावेच्या हाती गेलेली चिठ्ठी

आमचं मूळ नगरकडचं. वडील अंबरनाथला कारखान्यात लागले, मी इथेच जन्मले, लग्न करून मला इथेच दिली, आणि आता बावीस वर्षं उल्हासनगरात जीन्सचे धागे कापते. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, म्हणजे प्रार्थना मला काही नवी नाही. पण काय सांगू तुम्हाला, शांती नव्हती. माझ्या मुलीचं, रूथचं लग्न दोनदा ठरून मोडलं, आणि धाकटी जाऊ एस्तेर, बदलापूरला असते, तिच्या मुलीचं पहिल्याच बैठकीत जमलं. वर ही चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहते, म्हणते, प्रभूच्या कृपेने उशीला डोकं टेकलं की मला झोप लागते. मी जळायचे. रूथची काळजी एक आणि हिची झोप दुसरी, दोन्ही मला जागं ठेवायच्या.

आमच्या चर्चच्या महिला मंडळात, एस्तेरही त्यातच, चिठ्ठ्यांची पद्धत आहे. शनिवारी नाव न घालता आपली विनंती लिहून डब्यात टाकायची, जिच्या हाती जी येईल तिने आठवडाभर त्या बाईसाठी प्रार्थना करायची. नाव नाही तर खोटं कशाला? मी लिहिलं, जावेचं सुख बघवत नाही, झोप येत नाही, शांती मिळावी.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एस्तेरचा फोन. ताई, मला चिठ्ठी आलीय, कुणाची तरी जाऊ फार सुखात आहे म्हणे, बिचारी झोपत नाही, तू पण तिच्यासाठी प्रार्थना कर. मी म्हटलं, करते. दुसरं काय म्हणणार? मंगळवारी परत फोन, झोपली असेल का गं ती? बुधवारी परत. रोज ती फोनवरच प्रार्थना करायची, प्रभू, त्या बहिणीच्या मुलीचा संसार उभा राहू दे, आणि मी आमेन म्हणायचे. चिठ्ठीत मुलीचं मी लिहिलंच नव्हतं, हे शुक्रवारी माझ्या डोक्यात शिरलं.

म्हटलं, एस्तेर, तुला ठाऊक होतं? ती हसली. ताई, झोपेच्या ‘झ’ला एवढं लांब शेपूट आपल्या घरात तूच काढतेस. मी विचारलं, मग रागावली नाहीस? ती म्हणाली, रागावले ना, शनिवार-रविवार माझीही झोप उडाली, मग म्हटलं प्रार्थना करायचीच आहे तर आमेन तुलाच म्हणायला लावू.

रूथ अजून घरीच आहे. एस्तेरच्या नातवाचा फोटो आला की मी अजून जळते, पण आता तिलाच फोन करून सांगते, आज जळतेय, प्रार्थना कर. ती करते, मी झोपते. देव तिचं भलं करो. फक्त आता आधी रूथचं करो.