रिकाम्या रकान्यातलं शून्य

सिद्धेश्वरी : ...आणि हेही हिरवं! संगमेश, इकडे ये. मायाक्का नर्सच्या आरोग्य केंद्रावरची म्हातारी आहे, छातीत दुखतंय म्हणून आलेली. आणि तुझी सिस्टीम म्हणते, घरी पाठवा.

संगमेश : चाचणीसाठी आपण बनवलेली नावं आहेत ती, अक्का.

सिद्धेश्वरी : बनवलेली कसली? खरी बाई आहे. गुरम्मा. रविवारी आलेली.

संगमेश : खरी कशी असेल? तू तपासून हो म्हटल्याशिवाय केंद्रांवर जाणारच नव्हतं ते.

सिद्धेश्वरी : अनिलकुमार सरांनी शनिवारीच चालू करून टाकलं; तेव्हापासून केंद्रांच्या नोंदी माझ्याकडे न येता थेट त्यातच जातात. मला आज सकाळी सांगितलं. म्हणाले, डॉक्टर आर या संगणकभाषेत मॉडेल लिहितात ते आता आपल्या प्लॅटफॉर्मला थेट कळतं, मग त्याचं पायथन भाषेत रूपांतर करत बसायला माणूस कशाला ठेवू? महिनाअखेरीस मोकळ्या व्हा म्हणाले.

संगमेश : शनिवारी? अक्का, नक्की शनिवारी?

सिद्धेश्वरी : तोंड कशाला पाडतोस? माझ्या नोकरीचं नंतर रडू. हे बघ आधी. हृदयाची रक्तचाचणी, रकाना रिकामा. किट संपलं असेल. आरमध्ये रिकामं ते रिकामंच राहतं. डॉक्टरांचं मॉडेल म्हणतं, मला माहीत नाही, लाल दाखवा, मोठ्या दवाखान्यात न्या. पण ते मॉडेल प्लॅटफॉर्मला जोडायला तू जी जोडणी लिहिलीस ना, तिच्यातून जाताना त्या रिकाम्याचं शून्य होतंय. शून्य म्हणजे काय, तर हृदय ठणठणीत! अरे, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं मी तुला हे. एवढी ढोबळ चूक?

संगमेश : चूक नाही ती.

सिद्धेश्वरी : मग काय आहे?

संगमेश : मी ठेवलीय. तुला सापडावी म्हणून. तू तपासणार, तुला लगेच दिसणार, सर हादरणार. म्हणणार, सिद्धेश्वरीशिवाय हे चालवायचं नाही. इथली नोकरी गेली तर आपल्या अप्पांना असं अंथरुणावर टाकून तू दुसरी शोधायला पुण्याला कुठं जाणार होतीस? मला इथं नोकरीला चिकटवलंस तू, आणि मीच तुझ्या पोटावर पाय देणारं काम करत बसलो होतो.

सिद्धेश्वरी : मला विचारलंस?

संगमेश : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.

सिद्धेश्वरी : अरे मूर्खा, म्हणूनच विचारायचं असतं!

संगमेश : मला काय माहीत सर तुला न दाखवताच... अर्ध्या तासात दुरुस्त करतो. कुणाला पत्ता लागणार नाही. तू फक्त केंद्रावर फोन करू नकोस. पाया पडतो अक्का. मुद्दाम ठेवली म्हटल्यावर मला आत टाकतील गं.

सिद्धेश्वरी : पहिलं ते बंद कर. आत्ता. झालं बंद? आणि हिरवं बघून घरी गेलेल्यांना कोण परत बोलावणार, तुझा कोड? सरक.

(ती फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

मायाक्का : हालो, कोन?

सिद्धेश्वरी : मायाक्का, सोलापूरहून सिद्धेश्वरी बोलतेय.

मायाक्का : अय्यो, ताई! लई दिसांनी. रकाना रिकामा सोडला की लगीच तुमचा फोन. चाचनी का न्हाई केली, पेशंटला सोडू नका, बसवून ठेवा. धाकच हुता तुमचा.

सिद्धेश्वरी : रविवारी गुरम्मा आजी आल्या होत्या ना?

मायाक्का : व्हय की. किट संपलं हुतं, म्हनून म्या रिकामंच सोडलं. आन् तुमच्या फोनची वाट बगितली. आजीला म्हनलं, बस हितं, सोलापूरच्या ताई काय म्हनत्यात बगू. फोन काय आला न्हाई. वर हिरवं दिसाय लागलं. म्हनलं, ताई गप हाईत म्हंजे बरंच आसंल. दिली धाडून घरी.

सिद्धेश्वरी : मायाक्का, नीट ऐका. त्यांना आत्ताच्या आत्ता परत बोलवा. गाडीचं मी बघते.

मायाक्का : कुटनं बोलवू ताई? काल माती झाली की तिची.

सिद्धेश्वरी : काय?

मायाक्का : सोमवारी पहाटंच गेली. म्याबी गेले हुते मातीला. लेक लई रडत हुती, सरकारी गाडीतनं नेलं आसतं तर वाचली आसती म्हनून. म्या समजावलं तिला. म्हनलं, मशीननं नीट बगितलं हुतं बाई, आजीचं आयुष्यच तेवडं हुतं. बराबर सांगितलं न्हवं ताई? ...ताई? हाय का फोनवर?

सिद्धेश्वरी : संगमेश, घे. मी नाही सांगणार हे.

संगमेश : अक्का...

सिद्धेश्वरी : घे म्हणते ना.

मायाक्का : हालो? आवाज येईना की ओ.

संगमेश : मायाक्का, मी संगमेश बोलतोय. मशीननं नीट बघितलं नव्हतं. मी बघू दिलं नाही.