मांडा हातावर असताना

माझं माहेर भडगावचं, सासर एरंडोलचं, आणि आता पंधरा वर्षं झाली मेहरूणमध्ये राहते. काम माझं एकच, मांडे. लग्न असो, आखाजीचा सण असो, पुरणाचे मांडे म्हटले की बाया मला बोलवतात. आईनं शिकवलं. चुलीवर खापर पालथं घालायचं, अन् पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा, इतका पातळ की खालची बांगडी दिसली पाहिजे. आईचा एक नेम होता, मांडा हातावर असताना श्वास धरायचा, जीव हलला की मांडा फाटला. तीस वर्षं मी तसंच केलं बघा.

काय सांगू तुम्हाला ताई, लिहून घेताय तर हेही घ्या, दोन वर्षांमागं पाळी मागंपुढं व्हायला लागली, अन् अंगातून एकदम वाफा निघायच्या, मान, तोंड, बठ्ठं अंग घामानं भिजायचं. आता खापरापुढं बसणाऱ्या बाईला घाम आला तर नवल काय! मी म्हणायची धग लागते, माझ्या हाताखाली गोळे भरणारी माझी जाऊ म्हणायची धग लागते, वर्षभर आम्ही दोघी चुलीलाच शिव्या देत बसलो. हिवाळ्यात ओट्यावर मेथी निवडताना तसंच झालं, तेव्हा कळलं, चूल बिचारी निर्दोष शे.

घामाचं काही नाही हो, घाम पुसता येतो. भ्याव वाटायचं. कशाचं, तर कशाचंच नाही. छातीत धडधड, अन् काम आलं की दोन दिवस आधीपासून वाटायचं, आता नाही जमणार. हात थरथरायचे. एका साखरपुड्यात ओळीनं चार मांडे फाटले माझे, पुरण खापरावर सांडून जळलं, सगळ्या बाया बघताहेत. जाऊ हळूच म्हणे, अक्का, तुम्ही गोळे भरा, मी टाकते. मोरीत जाऊन रडले मी. मांडे गेले तर माझ्याकडं दुसरं होतं काय?

मग दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं. सिस्टर म्हणे, अक्का, पाळी जायच्या वयात असं होतं, वेडबिड नाही लागलं तुम्हाला. पोटावर हात ठेवायला लावला, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, सावकाश. मी हसले, म्हटलं श्वास तर म्हैसही घेते, यात शिकायचं काय? पण रोज सकाळी करत गेले अन् धडधड बसायला लागली. वाफा यायच्या, पण त्यांचं भ्याव गेलं. तरी खापरापुढं हातांचं पुन्हा तेच. पुन्हा सिस्टरकडं गेले, ती म्हणे, मांडा कसा करता ते करून दाखवा. दवाखान्यात रिकामे हात पसरले मी तिच्यापुढं! ती बघतच राहिली, म्हणे, अक्का, श्वास कुठंय तुमचा? म्हटलं, धरलाय. म्हणे, तोच सोडा.

आता आईचा नेम मोडायचा कसा? पुतणीचं लग्न होतं एरंडोलला. पहिला गोळा घेतला, अन् हळूहळू श्वास सोडत वाढवला. बांगडी दिसली. खापरावर टाकला. नाही फाटला. जाऊ म्हणे, अक्का, फुंकर काय मारताय? म्हटलं गप बस, पुढचा गोळा दे.

गेल्या आखाजीला भडगावला गेले, आईला घाबरत सांगितलं की तुझा नेम मोडला. आई ऐंशीच्या पुढं शे. पदराला हात पुसले तिनं. मग म्हणे, मना बी हात हाले व माय, तुनं लगीन व्हयनं त्या साले. डोया गयात सांगीसन खापर सोडी दिन्हं. माले कोनी सांगंच नही. आम्हाला सगळ्यांना वाटलेलं, नजर गेली म्हणून मांडे सोडले तिनं. तीस वर्षं तेच समजत होतो आम्ही, अन् खरं तर पाळी जायच्या वयात हात थरथरले होते तिचे, माझ्यासारखेच.

मी तिचा हात तिच्या पोटावर ठेवला, मोजत बसले तिच्याबरोबर. मग एक गोळा भरून दिला. तिचा मांडा पोळीएवढाच झाला, पण तिनंच टाकला, अन् स्वतःच खाल्ला सगळा, कोणाला तुकडा दिला नाही.

तुमचं वय काय ताई? हं. मग पेन ठेवा खाली, हात ठेवा पोटावर, अन् मांडा खाऊन मगच जा. सुखी राहा.