पप्पांचा डेपो आणि माझी तोंडी परीक्षा

अगं, माझ्या नर्सिंगच्या तोंडी परीक्षेचं ऐकलंच नाहीस तू! आदल्या दिवशी धमनी कुठली आणि शीर कुठली, डोक्यात राहीचना. मी रडकुंडीला आलेले. पप्पा खोपट डेपोत एसटी ड्रायव्हर. म्हणाले, “सोप्पंय गं! हृदय म्हणजे आपला डेपो. तिथून सुटते ती धमनी, परत येते ती शीर.”

“पण पप्पा, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अशुद्ध रक्त असतं!”

“असू दे की. गाडी न धुता काढली, तरी डेपोतून सुटलीच ना?”

दुसऱ्या दिवशी मी धडाधड उत्तरं दिली. मॅडम एकदम खूश! म्हणाल्या, “आता शेवटचं. शिरांमधलं रक्त परत कुठे येतं?”

मी ठणकावून सांगितलं, “खोपटला!”